महाविद्यालयीन हॉकी की ज्युनिअर लीग? मानवी भांडवल घडविण्याचे दोन मार्ग

कॅनडातील आल्बर्टा किंवा ऑन्टॅरिओ प्रांतातल्या एखाद्या गावात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बर्फावरील हॉकीत चमकू लागला, की त्याच्या घरात एक प्रश्न उभा राहतो. त्याने आताच घर सोडून ज्युनिअर लीगच्या संघात दाखल व्हावे, की शालेय शिक्षण पूर्ण करून, आणखी दोन-तीन वर्षे थांबून अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाच्या संघातून खेळावे? अनेक दशके हा निर्णय अपरिवर्तनीय होता. ज्युनिअर लीगचे दार उघडले की महाविद्यालयाचे दार कायमचे बंद होत असे. १ ऑगस्ट २०२५ पासून ही स्थिती बदलली आहे आणि त्यामुळे या दोन व्यवस्थांची तुलना करण्यास उत्तम निमित्त मिळाले आहे.

येथे हॉकी म्हणजे आपल्या परिचयाची मैदानी हॉकी नव्हे, तर बर्फाच्या रिंकवर, पायांत स्केट्स घालून, रबरी चकतीने खेळला जाणारा खेळ. भारतात तो प्रामुख्याने लडाखमध्ये खेळला जातो. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांना या विषयाचे काय प्रयोजन, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु मानवी भांडवल, संधी खर्च, क्रेता-मक्तेदारी, असममित माहिती या ज्या संकल्पना आपण पाठ्यपुस्तकांत कोरड्या व्याख्यांच्या रूपात वाचतो, त्या सर्व या एका प्रश्नात जिवंतपणे एकत्र आलेल्या दिसतात. शिवाय ‘खेळ की शिक्षण’ हा प्रश्न आपल्याकडेही हजारो घरांत दरवर्षी विचारला जातोच.

दोन व्यवस्था

कॅनेडियन हॉकी लीग ही १९७५ मध्ये स्थापन झालेली शिखर संस्था असून तिच्या छत्राखाली ऑन्टॅरिओ, वेस्टर्न आणि क्वेबेक या तीन प्रादेशिक लीग येतात. त्यांत मिळून सुमारे ६० संघ आहेत. त्यांपैकी काही अमेरिकेच्या हद्दीतही आहेत. खेळाडू साधारणतः १६ ते २० वर्षे वयाचे. संघ बहुधा मध्यम वा लहान शहरांत असतात. रिमूस्की, मेडिसिन हॅट, स्विफ्ट करंट ही नावे कॅनडाबाहेर फारशी कोणी ऐकलेली नसतात. पण हिवाळ्यात त्या शहरांचे सामाजिक जीवन या संघाभोवतीच फिरते. बाहेरगावचा मुलगा यजमान कुटुंबात राहतो, स्थानिक शाळेत जातो आणि हंगामात ६४ ते ६८ साखळी सामने खेळतो. वेन ग्रेट्स्की, सिडनी क्रॉस्बी, कॉनर मॅकडेव्हिड हे याच व्यवस्थेतून पुढे आले.

दुसरी व्यवस्था अमेरिकेच्या नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशनची, म्हणजे ‘एनसीएए’ची. तिच्या पहिल्या श्रेणीत पुरुषांचे साठाहून अधिक विद्यापीठ-संघ खेळतात. १९४८ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होते. खेळाडू येथे आधी विद्यार्थी असतो. पूर्णवेळ प्रवेश, किमान गुण आणि पदवी अभ्यासक्रमाचा ठराविक हिस्सा ठराविक मुदतीत पूर्ण करण्याची अट त्याला लागू असते. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी ४० टक्के, चौथ्याच्या आरंभी ६० टक्के असा तो हिशेब आहे. अनेक विद्यापीठे क्रीडा शिष्यवृत्ती देतात. हार्वर्ड, कॉर्नेल यांसारखी आयव्ही लीगची विद्यापीठे मात्र केवळ खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, आर्थिक गरजेनुसार साहाय्य करतात.

दोन्ही मार्गांचे अंतिम गंतव्य एकच, ते म्हणजे नॅशनल हॉकी लीग अर्थात ‘एनएचएल’. कॅनडा व अमेरिकेतील ३२ संघांची ही व्यावसायिक लीग जगातील सर्वांत श्रीमंत हॉकी लीग आहे. तिच्या खेळाडूंपैकी सुमारे एक तृतीयांश आज महाविद्यालयीन हॉकीतून आलेले असतात. काही दशकांपूर्वी हे प्रमाण बरेच कमी होते आणि ज्युनिअर लीगचे वर्चस्व जवळजवळ निर्विवाद होते.

वेळेचा हिशेब

प्रशिक्षणाच्या दृष्टीने दोन्ही व्यवस्थांतील मूलभूत फरक वेळेच्या वाटपाचा आहे. ज्युनिअर खेळाडूचे वेळापत्रक व्यावसायिक खेळाडूसारखे असते. सामने भरपूर आणि बसचे लांबलचक प्रवास; पश्चिमेकडील लीगमध्ये तर एकेका दौऱ्यात शेकडो किलोमीटर. याउलट महाविद्यालयीन संघ वर्षाला साधारण ३४ ते ४० सामने खेळतो, तेही बहुधा शुक्रवार-शनिवारी. आठवड्याचे उरलेले दिवस वर्ग, सराव आणि व्यायामशाळेसाठी. सरावावर आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे.

कोणते चांगले? एकच उत्तर संभवत नाही. ज्याचे शरीर सतराव्या वर्षीच तयार झाले आहे, त्याला अधिक सामने म्हणजे अधिक अनुभव. ज्याची उंची व ताकद उशिरा वाढते, त्याला सामन्यांपेक्षा सरावाची आणि सबुरीची गरज अधिक. महाविद्यालयीन हॉकीत १८ वर्षांच्या मुलाला २३-२४ वर्षांच्या प्रतिस्पर्ध्यांशी झुंजावे लागते, हीही एक कठोर शाळाच आहे. २०२४ मध्ये बॉस्टन विद्यापीठाचा मॅकलिन सेलेब्रिनी १७ व्या वर्षी सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार जिंकून त्याच वर्षी एनएचएलच्या निवडफेरीत पहिला निवडला गेला. मॅकडेव्हिड २०१५ मध्ये ज्युनिअर लीगमधून पहिलाच निवडला गेला होता. असामान्य प्रतिभा कोणत्याही मार्गाने वर येते, एवढेच अशा उदाहरणांवरून सिद्ध होते. व्यवस्थेची परीक्षा असामान्यांवरून करता येत नाही.

लवकर निवडण्याची किंमत

या ठिकाणी विषय खऱ्या अर्थाने अर्थशास्त्राचा होतो. ज्युनिअर संघ आपले खेळाडू ‘ड्राफ्ट’ म्हणजे निवडफेरीतून मिळवतात आणि ही निवड चौदा-पंधराव्या वर्षाच्या सुमारास होते. मुलगा पुढे कसा घडेल याविषयीची माहिती त्या वयात अत्यंत अपुरी असते. अपुऱ्या माहितीवर केलेली निवड कोणत्या चुका करते?

याचे उत्तर १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. कॅनडातील वयोगट १ जानेवारी या तारखेवर ठरतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात, पण त्यांच्यात जवळजवळ वर्षभराचे अंतर असते. दहाव्या वर्षी हे अंतर म्हणजे आयुष्याचा एक दशांश भाग! मोठा मुलगा थोरला, बळकट दिसतो. तो निवडला जातो. निवडला गेला म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक व अधिक सराव मिळतो. आणि त्यामुळे पुढच्या वर्षी तो खरोखरच अधिक चांगला ठरतो. ज्युनिअर लीगच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या तेव्हा वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची संख्या शेवटच्या तिमाहीत जन्मलेल्यांच्या तुलनेने फारच मोठी आढळली. याला ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ म्हणतात. शिक्षणक्षेत्रातील स्पर्धा परीक्षांनाही तो लागू पडतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढे २०१३ मध्ये रॉबर्ट डीनर व सहकाऱ्यांनी एनएचएलच्या १९८० ते २००७ या काळातील निवडफेऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांच्या प्रत्यक्ष पुढील कामगिरीच्या मानाने निवडफेरीत मागे राहिले होते, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे बाजार त्यांची किंमत सातत्याने कमी आखत होता. लक्षावधी डॉलर खर्च करणाऱ्या, तज्ज्ञ नेमणाऱ्या बाजारातही अशी पद्धतशीर चूक वर्षानुवर्षे टिकते, ही गोष्ट बाजाराच्या कार्यक्षमतेवर अतिरिक्त विश्वास ठेवणाऱ्यांनी मुद्दाम विचारात घ्यावी.

महाविद्यालयीन मार्गाचे बलस्थान येथेच आहे. तो निर्णय पुढे ढकलतो. अनिश्चिततेच्या परिस्थितीत निर्णय लांबणीवर टाकण्याच्या सोयीला अर्थशास्त्रात स्वतंत्र मूल्य आहे; त्याला पर्यायमूल्य म्हणतात. कॅल्गरीचा केल मकार ऑक्टोबर अखेरीचा जन्म असलेला, बेताच्या चणीचा मुलगा. तो प्रमुख ज्युनिअर लीगमध्ये गेला नाही. आल्बर्टातील खालच्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत राहिला, कारण तेथे महाविद्यालयीन पात्रता शाबूत राहत असे. मग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन वर्षे. २०१९ मध्ये होबी बेकर पुरस्कार आणि २०२२ मध्ये एनएचएलचा सर्वोत्कृष्ट बचावपटू. मार्टिन सँ लुई याचे उदाहरण त्याहूनही बोलके आहे. जेमतेम पाच फूट आठ इंच उंचीच्या या खेळाडूला व्हर्मॉन्ट विद्यापीठातून खेळल्यानंतरही एनएचएलच्या निवडफेरीत कोणी निवडले नाही. २००४ मध्ये तो लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.

एकच खरेदीदार

गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ‘मानवी भांडवल’ या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार सांगितले. सर्वत्र उपयोगी पडणारे ते सामान्य प्रशिक्षण आणि एकाच मालकाच्या कामी येणारे ते विशिष्ट प्रशिक्षण. सामान्य प्रशिक्षणाचा खर्च मालक उचलणार नाही, कारण शिकलेला कामगार उद्या दुसरीकडे जाईल. तो खर्च कामगार स्वतः, बहुधा कमी वेतन स्वीकारून, सोसतो. विशिष्ट प्रशिक्षणाचा खर्च दोघांत वाटला जातो.

हॉकीचे कौशल्य यांपैकी कोणते? माझ्या मते ते मधले आहे. कोणत्याही संघाला ते उपयोगी, म्हणून संघांच्या दृष्टीने सामान्य. पण हॉकीबाहेर त्याला जवळजवळ काहीच किंमत नाही, म्हणून उद्योगाच्या दृष्टीने विशिष्ट. अशा कौशल्यात सोळाव्या वर्षी सर्व गुंतवणूक करणे म्हणजे सगळी बचत एकाच कंपनीच्या समभागांत घालण्यासारखे आहे. खेळाडू दुसऱ्या संघात जाण्याचा धोका ज्युनिअर लीगने वेगळ्या मार्गाने टाळला आहे. निवडफेरीत ज्या संघाने नाव घेतले, त्याच्याकडेच मुलाच्या ज्युनिअर कारकिर्दीचे हक्क राहतात. विक्रेते अनेक, खरेदीदार मात्र एकच, अशी ही क्रेता-मक्तेदारी. परिणामी खेळाडूला वेतन नव्हे, तर अल्पसा खर्चभत्ता मिळत आला. तिकिटे व जाहिराती यांचे उत्पन्न संघाचे.

२०१४ मध्ये माजी खेळाडूंनी किमान वेतनासाठी सामूहिक दावा दाखल केला. संघांची बाजू अशी, की हे विद्यार्थी-खेळाडू आहेत, कामगार नव्हेत, आणि लहान शहरांतील संघांना वेतन परवडणार नाही. दाव्यात ३ कोटी कॅनेडियन डॉलरची तडजोड २०२० मध्ये जाहीर झाली. दरम्यान अनेक प्रांतांनी कायदा बदलून ज्युनिअर खेळाडूंना वेतन कायद्यातून वगळले. ऑन्टॅरिओने तसे २०१८ मध्ये केले. कल्याणकारी राज्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशात हे घडले, याचे मला आजही आश्चर्य वाटते. मात्र महाविद्यालयीन बाजूही स्वच्छ होती असे नाही. ‘हौशीपणा’च्या नावाखाली एनसीएएने दशकानुदशके खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे काही घेऊ दिले नाही. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने या निर्बंधांपैकी शिक्षणविषयक लाभांवरील निर्बंध स्पर्धाविरोधी ठरवले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे व प्रतिमेचे मोल घेता येऊ लागले आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे थेट उत्पन्नातील वाटा देऊ शकतात. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर इतकी ठरली. हा पैसा प्रामुख्याने अमेरिकन फुटबॉल व बास्केटबॉलकडे जातो, हे वेगळे सांगायला नको.

यशस्वी न होणाऱ्यांचे काय?

थोडा साधा अंकगणिती हिशेब करू. सुमारे ६० ज्युनिअर संघांत प्रत्येकी २३-२४ खेळाडू धरले तर ही संख्या चौदाशेच्या आसपास जाते. साठाहून अधिक महाविद्यालयीन संघांत प्रत्येकी २६ धरले तर सोळाशेच्या वर. एनएचएलच्या निवडफेरीत ७ फेऱ्यांतून वर्षाला २२४ नावे निघतात. त्यांत युरोपातील खेळाडूही असतात. निवड म्हणजे संघात जागा नव्हे. ३२ संघांत प्रत्येकी २३ याप्रमाणे एकूण जागा ७३६ आणि त्या आधीच भरलेल्या. दरवर्षी रिकाम्या होतात तेवढ्याच नव्यांना मिळणार. म्हणजे दोन्ही मार्गांवरील बहुसंख्य तरुण एनएचएलपर्यंत पोहोचत नाहीत, पोहोचू शकत नाहीत. हा त्यांच्या गुणवत्तेचा दोष नसून जागांच्या संख्येचा परिणाम आहे.

म्हणून कोणत्या व्यवस्थेने किती तारे दिले हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. जो तारा होत नाही त्याच्या हाती २१-२२ व्या वर्षी काय उरते, ही खरी कसोटी. महाविद्यालयीन खेळाडूच्या हाती बहुधा पदवी असते, निदान तिचा मोठा भाग. ज्युनिअर खेळाडूसाठी लीगने शैक्षणिक योजना ठेवली आहे. ढोबळमानाने, संघाकडून खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाचे उच्च शिक्षणाचे शुल्क व पुस्तकांचा खर्च. ही योजना केवळ कागदोपत्री नाही. कॅनडाच्या विद्यापीठांतील हॉकी संघ अशा माजी ज्युनिअर खेळाडूंनी भरलेले असतात.

परंतु तिला एक मुदत जोडलेली आहे. ज्युनिअर कारकीर्द संपल्यावर ठराविक काळात शिक्षण सुरू केले नाही, किंवा व्यावसायिक हॉकीत ठराविक काळापेक्षा अधिक राहिला, तर हक्क जातो. विम्याच्या भाषेत बोलायचे तर, ज्याने दुय्यम दर्जाच्या व्यावसायिक लीगमध्ये तीन-चार वर्षे नशीब आजमावले आणि अपयशी ठरला, त्यालाच नेमके संरक्षण मिळत नाही. आणि जोखीम तर सर्वांत जास्त त्यानेच पत्करलेली असते.

या संदर्भात केन ड्रायडन यांची कारकीर्द अभ्यासण्याजोगी आहे. १९६४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, एनएचएलच्या संघाने त्यांची निवड केली होती; तरी ते कॉर्नेल विद्यापीठात गेले, १९६७ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देण्यात सहभागी झाले, पदवी घेतली. मग माँट्रियल संघाचे गोलरक्षक असतानाच मॅकगिल विद्यापीठात कायद्याचा अभ्यास. १९७३-७४ मध्ये वेतनावरून संघाशी मतभेद झाले तेव्हा जगातील सर्वोत्तम गोलरक्षकांपैकी एक असलेला हा माणूस सबंध हंगाम खेळापासून दूर राहिला आणि टोरंटोतील एका वकिली कार्यालयात उमेदवारी करू लागला. ज्याच्याजवळ दुसरा पर्याय असतो त्याचीच सौदाशक्ती खरी असते. ते पुढच्या हंगामात परतले, एकूण सहा स्टॅन्ली चषक जिंकून १९७९ मध्ये निवृत्त झाले आणि २००४ मध्ये कॅनडाच्या सामाजिक विकास खात्याचे मंत्री झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

सौदाशक्तीचा हाच मुद्दा एनएचएलच्या नियमांतही दिसत आला आहे. निवडलेल्या ज्युनिअर खेळाडूशी संघाला दोन वर्षांत करार करावा लागे. महाविद्यालयीन खेळाडूचे हक्क मात्र तो शिकत असेपर्यंत, साधारण चार वर्षे, संघाकडे राहत. वरवर पाहता हे संघाच्या सोयीचे, कारण त्याला खेळाडू पारखण्यास अधिक वेळ मिळतो. पण चार वर्षे पूर्ण करणारा खेळाडू मुक्त होऊन हवा तो संघ निवडू शके. हार्वर्डच्या जिमी व्हेसीला नॅशव्हिलने निवडले होते. त्याने पदवी पूर्ण केली आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कशी करार केला.

मुलींच्या बाबतीत तर तुलनेचा प्रश्नच उद्भवत नाही. तुरळक अपवाद सोडले तर कॅनेडियन हॉकी लीग ही मुलांची लीग आहे. अमेरिकेत १९७२ च्या ‘टायटल नाईन’ या कायद्याने शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास बंदी केली, विद्यापीठांना महिला संघ उभारावे लागले आणि २००१ पासून एनसीएएची महिला हॉकी अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक महिला लीगमधील बहुसंख्य खेळाडू महाविद्यालयांतूनच आलेल्या आहेत. बाजाराने जे निर्माण केले नाही ते एका कायद्याने केले.

भिंत कोसळली तेव्हा

कॅनेडियन हॉकी लीगमध्ये काही खेळाडू एनएचएलशी करारबद्ध असतात आणि सर्वांना भत्ता मिळतो, म्हणून ती लीग ‘व्यावसायिक’ आहे, असे एनसीएए मानत असे. एखादा मुलगा सोळाव्या वर्षी ज्युनिअर संघाकडून दोन-चार सराव सामने खेळला तरी त्याची महाविद्यालयीन पात्रता धोक्यात येई. ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच एका खेळाडूच्या वतीने न्यूयॉर्क राज्यातील न्यायालयात स्पर्धाविरोधी वर्तनाचा दावा दाखल झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने नियम बदलला. प्रत्यक्ष व आवश्यक खर्चापेक्षा अधिक मोबदला घेतला नसेल, तर ज्युनिअर खेळाडू १ ऑगस्ट २०२५ पासून महाविद्यालयात खेळू शकतो.

परिणाम तत्काळ दिसू लागले. मेडिसिन हॅटकडून खेळणारा, आपल्या वयोगटातील सर्वांत गाजलेल्या खेळाडूंपैकी एक असा गॅव्हिन मकेना जुलै २०२५ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात दाखल झाला. सर्वांचाच फायदा झाला असे मात्र समजू नये. अमेरिकेतील यूएसएचएल आणि ब्रिटिश कोलंबियातील लीग यांचे आकर्षणच मुळी ‘येथे खेळल्यास महाविद्यालयीन पात्रता टिकते’ हे होते. नियमाने निर्माण केलेला हा लाभांश नियमाबरोबर गेला. ब्रिटिश कोलंबियातील पेन्टिक्टनचा संघ तर २०२५-२६ पासून वेस्टर्न लीगमध्येच सामील झाला. दुसरे असे, की वीस-एकवीस वर्षांचे मुरलेले ज्युनिअर खेळाडू आता विद्यापीठांच्या त्याच मर्यादित जागांसाठी उमेदवार आहेत. शाळेतून थेट येऊ पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाची जागा त्यामुळे आक्रसते. प्रवेशाचा अडथळा दूर केल्याने जागा वाढत नाहीत, त्या कोणाला मिळतात हे बदलते. आपल्याकडील प्रवेशपरीक्षांच्या चर्चेत हा साधा भेद अनेकदा विसरला जातो.

यापुढे आकडेवारीची तुलनाही अवघड होणार आहे. जो खेळाडू तीन वर्षे ज्युनिअर व दोन वर्षे महाविद्यालयात खेळला, तो कोणाच्या खात्यावर जमा करायचा? खरे तर पूर्वीची तुलनाही सदोषच होती. ज्युनिअर लीगमध्ये लवकर परिपक्व झालेले, महाविद्यालयात उशिरा उमललेले व शिक्षणाची ओढ असलेले खेळाडू स्वतःहून विभागले जात. त्यांच्या यशातील फरक व्यवस्थेचा किती आणि मूळ निवडीचा किती, हे वेगळे काढता येत नसे. संख्याशास्त्रात याला निवड-पूर्वग्रह म्हणतात. एखाद्या महाविद्यालयाचा निकाल उत्तम लागतो तो अध्यापनामुळे की प्रवेशाच्या उंच गुणमर्यादेमुळे, असा प्रश्न विचारला की हा मुद्दा चटकन समजतो.

आपल्याकडील स्थिती

भारतात या दोन व्यवस्थांची तंतोतंत प्रतिकृती नाही, परंतु छाया आहेत. ज्युनिअर लीगच्या जागी क्रीडा वसतिगृहे व प्रबोधिन्या. ओडिशातील पानपोषचे वसतिगृह अथवा पुण्यातील बालेवाडीची क्रीडा प्रबोधिनी ही परिचित नावे. महाविद्यालयाच्या बाजूला आंतरविद्यापीठ स्पर्धा, विद्यापीठांसाठीचा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक आणि २०२० मध्ये भुवनेश्वरपासून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. पण उच्चस्तरीय खेळाडू घडविण्याची मुख्य जबाबदारी विद्यापीठांनी आपल्याकडे क्वचितच पेलली. आंतरविद्यापीठ स्पर्धा काही दिवसांची असते. हंगामभर चालणारी लीग ती नव्हे.

यशस्वी न होणाऱ्यांचे काय, या प्रश्नाला भारताने वेगळे उत्तर दिले, ते म्हणजे नोकरी. रेल्वे, पोलीस, सेनादले व सार्वजनिक उपक्रम यांनी खेळाडूंना पिढ्यान्‌पिढ्या आधार दिला. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. हा आधार मोलाचा आहे, यात शंका नाही. तथापि तो प्रमाणपत्र वा पदक मिळवलेल्यालाच मिळतो. वसतिगृहात सहा वर्षे काढूनही राज्य संघात न आलेल्या मुलीला तो उपयोगी नाही. तिचा संधी खर्च मात्र पदकविजेतीएवढाच असतो.

माझ्या पंचवीसहून अधिक वर्षांच्या अध्यापनात दरवर्षी एखाददुसरा खेळाडू उपस्थितीच्या सवलतीचा अर्ज घेऊन समोर उभा राहिला आहे. स्पर्धा आणि सत्र परीक्षा एकाच आठवड्यात. सवलत मिळते, परीक्षा चुकते आणि वर्ष वाया जाते. पुढल्या वर्षी तो परत येईलच याची खात्री नसते. अशांसाठी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील बहुप्रवेश-बहुनिर्गमनाची तरतूद आणि २०२१ पासूनची शैक्षणिक श्रेयांक बँक या दोन गोष्टी प्रत्यक्षात फार उपयोगी ठरू शकतात. शिक्षण मध्येच थांबवून खेळाकडे जाता येते आणि मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. कॅनडाच्या शैक्षणिक योजनेप्रमाणे, प्रबोधिनीतील प्रत्येक वर्षामागे उच्च शिक्षणाच्या एका वर्षाचे शुल्क शासनाने भरण्याची जोड त्याला देता येईल. तिचा खर्च स्टेडियमच्या खर्चापुढे किरकोळ ठरेल.

मात्र तेथेही मुदतीचा प्रश्न आहेच. श्रेयांक बँकेत जमा श्रेयांक सर्वसाधारणपणे कमाल सात वर्षे वैध राहतात. अठराव्या वर्षी पदवीचे पहिले वर्ष पूर्ण करून खेळाकडे वळलेली आणि सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झालेली हॉकीपटू परत येईल, तेव्हा तिचे खाते रिकामे झालेले असेल. खेळाडूंपुरती ही मुदत निवृत्तीच्या दिनांकापासून मोजण्याची दुरुस्ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांत करावी लागेल.